लोकसभेचे मतदान पळसाच्या दिवसांतून उन्हाळ्यात कसे गेले?

झाडीपट्टीकर, नागभीड तालुका

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा आडवळणाचा आहे, म्हणून तो कुठून आला हे आधी सांगतो.

आमच्याकडे सध्या थंडीचे जाऊ की राहू असे चालले आहे. धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोळी आणि हरभरा उभा आहे, पहाटे धुवारी इतकी दाट उतरते की बांधावरून समोरची विहीर दिसत नाही, आणि वडसा-देसाईगंजच्या मंडळींच्या नाटकांना रात्रभर बसणारे लोक अजून घोंगडी बरोबर घेऊनच निघतात. दुपारचे ऊन मात्र पाठीला लागू लागले आहे. अशातच तलावाच्या पाळीवरच्या पळसाला काळसर, मखमली कळ्या धरल्या आणि त्यातली एक डहाळी मी आजीला दाखवायला घेऊन आलो. आजीची पंचाहत्तरी केव्हाच उलटली आहे. डोळे अधू झाले असले तरी कळीवरून बोट फिरवून तिने झाड ओळखले आणि आता चाकोल्या, म्हणजे होळीत टाकायच्या शेणाच्या चकत्या, थापायला घ्यायला हव्यात, असे म्हणाली. त्याच ओघात तिने सांगितले की आयुष्यातले पहिले मत तिने दिले, त्या दिवशीही अंगणात होळीच्या चाकोल्या वाळत होत्या, केंद्राकडे जाताना पांदणीच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला होता आणि तिने शिक्का गाय-वासरावर मारला होता. मत कोणाला दिले हे असे उघड सांगू नये, हे तिला आता समजावण्यात अर्थ नाही.

तिची दुसरी आठवण याहून गार आहे. एकदा मतदान ऐन हिवाळ्यात आले, शाळेबाहेर पऱ्हाट्या आणि तुराट्यांची शेकोटी पेटवलेली होती आणि रांगेतली माणसे आळीपाळीने हात शेकून परत जागेवर येत होती.

माझ्या पिढीने लोकसभेची शेकोटी पाहिलेली नाही. मी मतदार झाल्यापासूनचे प्रत्येक मतदान घामाचे. गेल्या वेळी, १९ एप्रिल २०२४ रोजी, आमच्याकडे मतदान झाले तेव्हा पळस केव्हाच झडून नव्या पालवीत गेला होता, मोहफुलांचा हंगाम सरत आला होता, आणि मी आजीला मोटारसायकलवर बसवून सकाळी सातच्या ठोक्याला केंद्रावर नेले, कारण दहानंतर तिला रांगेत उभे करण्याची माझी हिंमत नव्हती.

तेव्हा जाणकारांना विचारतो की आजीचे पहिले मतदान कोणत्या सालचे असेल, मतदान पळसाच्या दिवसांतून वैशाखाच्या तोंडावर सरकले ते कोणी ठरवून सरकवले की सरकत गेले, आणि कायद्याने ते मागे आणता येते का? पक्षांची उणीदुणी कृपया दुसरीकडे काढावीत.

निवृत्त केंद्राध्यक्ष, भंडारा जिल्हा

नमस्कार. मी शिक्षक होतो आणि १९८४ पासून निवृत्तीपर्यंत बहुतेक प्रत्येक लोकसभेला मला इलेक्शन ड्युटी लागली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या हाडात मुरलेला आहे.

आपल्या आजींच्या आठवणीत साल लपलेले आहे. गाय-वासरू हे चिन्ह इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे १९७१ आणि १९७७ अशा दोनच लोकसभांना होते, म्हणजे आपल्यापुढे दोन वर्षे उरतात. १९७१ चे मतदान १ ते १० मार्च या काळात झाले आणि त्या वर्षी होळी त्यानंतर एक-दोन दिवसांतच आली. १९७७ चे मतदान १६ ते २० मार्चला झाले, पण त्या वर्षीची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेली होती. चाकोल्या होळीच्या आधी वाळतात, नंतर नाही. त्यामुळे आजींनी पहिले मत १९७१ साली दिले, असे मी खात्रीने म्हणेन. तेव्हा मतदानाचे वय २१ होते, ते १९८९ मध्ये १८ झाले. हेही आजींच्या वयाशी ताडून पाहावे. शेकोटीची आठवण बहुधा जानेवारी १९८० ची असेल, कारण ते मतदान ३ आणि ६ जानेवारीला झाले. १९८४ चे मतदान डिसेंबरच्या अखेरीस होते, म्हणून तेही नाकारता येत नाही. १९८० ची असेल तर चिन्ह गाय-वासरू नव्हे, हात असणार, कारण १९७७ नंतर पक्ष पुन्हा फुटला आणि इंदिरा गांधींच्या बाजूने हात हे चिन्ह घेतले. १९८४ लाही हातच होता.

आता मुख्य प्रश्न. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू होऊन फेब्रुवारी १९५२ मध्ये संपली, आणि तिचा पहिला मतदारही हवामानानेच ठरवला. हिमाचलातील चिनी भागात, म्हणजे आजच्या किन्नौरमध्ये, बर्फ पडून वाटा बंद होण्याआधी मतदान उरकावे म्हणून तिथले लोक इतरांच्या कितीतरी आधी मत देऊन मोकळे झाले. पुढच्या निवडणुका १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, १९६२ च्या फेब्रुवारीत आणि १९६७ च्या फेब्रुवारीत झाल्या. म्हणजे दोन दशके दिल्लीचे राजकारण आणि आपल्याकडचा पळस एकाच महिन्यात फुलत असे, आणि १९६७ पर्यंत विधानसभेचे मतदानही त्याच्याबरोबरच होई.

हे वेळापत्रक कोणी मुद्दाम बदलले नाही, ते सरकारे पडून पडून सरकत गेले. राज्यघटनेच्या ८३ व्या अनुच्छेदाप्रमाणे लोकसभेची पाच वर्षे मतदानापासून नव्हे, पहिल्या बैठकीपासून मोजली जातात. त्यामुळे सभागृह मध्येच विसर्जित झाले की पुढचे सगळे चक्र त्या नव्या तारखेवर जाऊन बसते. जनता पक्षाचे सरकार कोसळले म्हणून १९८० ची निवडणूक जानेवारीत आली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८४ ची डिसेंबरमध्ये, पुढे १९८९ ची नोव्हेंबरमध्ये. १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने राजीनामा दिला आणि मतदान मे-जूनमध्ये गेले, म्हणून १९९६ चेही एप्रिल-मेमध्ये आले. मध्ये एकदा, १९९८ च्या फेब्रुवारीत, पळस परत आला होता. पण ते सरकार १७ एप्रिल १९९९ रोजी एका मताने पडले आणि निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. तेच चक्र पुढे चालले असते तर आज आपण नवरात्राच्या आगेमागे मतदान करत असतो. २००३ च्या डिसेंबरमध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड जिंकल्यावर तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी लोकसभा मुदतीआधी विसर्जित केली, आणि २००४ ची निवडणूक २० एप्रिल ते १० मे अशी झाली. तेव्हापासून एकही लोकसभा मध्ये पडली नाही, म्हणून एकही निवडणूक उन्हाळ्यातून सुटली नाही. स्थिर सरकारांची आपण मोजलेली ही एक किंमत आहे, आणि मला ती गमतीची वाटत नाही, कारण मी मतदान केंद्रावर ती मोजली आहे.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये मी एका खेड्यातल्या शाळेत मुक्कामी होतो. खाली तणीस पसरून आम्ही चौघे झोपलो आणि गारठ्याने रात्रभर झोप लागली नाही, पण सकाळी उठून काम करता आले. पुढे एप्रिलमध्ये याच कामासाठी गेलो तेव्हा पत्र्याच्या वर्गखोलीत दुपारी माझा एक सहकारी घेरी येऊन पडला. थंडीला तणीस असते, त्या पत्र्याला आमच्याकडे काहीच नव्हते.

कायद्याबद्दल उद्या सविस्तर लिहितो. आज डोळे थकले.

पऱ्हाटी, यवतमाळ जिल्हा

केंद्राध्यक्षांचे विवेचन वाचून आनंद झाला, पण सगळे जण हवामानाकडे मतदाराच्या अंगाच्या घामाच्या हिशोबाने पाहत आहेत, असे मला वाटते. आमच्या भागातल्या उन्हाविषयी वाद नाही. २४ एप्रिल २०२४ रोजी पुसदच्या प्रचारसभेत भाषण करताना नितीन गडकरी यांना भोवळ आली, हे सगळ्या देशाने पाहिले. व्यासपीठावरच्या मंत्र्याची ही गत, तर समोर बसलेल्यांचे काय, हे वेगळे सांगायला नको.

माझा मुद्दा वेगळा आहे. मतदान कोणत्या महिन्यात होते यावर उमेदवाराला कोणता प्रश्न विचारला जातो, हे ठरते. फेब्रुवारीत माझ्या घरात कापूस असतो, तूर नुकतीच निघालेली असते, हरभरा सोंगणीला येतो आणि १ तारखेला मांडलेला केंद्रीय अर्थसंकल्प ताजा असतो. त्या महिन्यात गावात कोणी मत मागायला आले तर पहिला प्रश्न कापसाच्या भावाचा, दुसरा तुरीच्या आयातीचा आणि तिसरा हमीभावाच्या खरेदी केंद्राचा येईल. हे तिन्ही प्रश्न दिल्लीत सुटतात, गल्लीत नाही. एप्रिलच्या अखेरीस बहुतेकांचा माल विकून झालेला असतो, पैसा देणेकऱ्याकडे गेलेला असतो, आणि बोलणे टँकर, लग्नाची तिथी आणि बियाणे यांच्याभोवती फिरते. तेव्हा आलेल्या पाहुण्याला आपण पाणी विचारतो, भाव विचारत नाही.

यावर कोणी म्हणेल की २०२२-२३ च्या हंगामात भाव वाढेल या आशेने कितीतरी घरांत कापूस उन्हाळ्यापर्यंत पडून होता. खरे आहे, माझ्याही घरात होता, आणि त्याने अंगाला सुटलेली खाज अजून आठवते. पण तो अपवाद होता, आणि ते लोकसभेचे वर्षही नव्हते.

तेवढ्यासाठी हिवाळी मतदानाचे स्वप्न फार गुलाबी करू नये. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही. मतदानाच्या सुट्टीला वेचणारणींचा रोज बुडतो, आणि शहरातल्या कर्मचाऱ्याची ती पगारी सुट्टी असते. माझ्या मते सोयीचा काळ होळीच्या आधीचे दहा-बारा दिवस एवढाच आहे. शेवटची वेचणी संपलेली, गहू अजून ओंबीत, आणि ऊन सहन होण्याजोगे.

मोहवन, गडचिरोली जिल्हा

सगळ्यांनी पळसाला साक्षीदार केले आहे, तेव्हा त्या साक्षीदाराची उलटतपासणी व्हायला हवी. मी आयुष्यभर जंगलात फिरलो आहे.

'यंदा पळस होळीच्या आधीच फुलून गेला, ऋतू बिघडले' असे दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतो. पळस सूर्याच्या वर्षावर चालतो आणि होळी चंद्राच्या. २०२३ मध्ये अधिक श्रावण येऊन गेल्यामुळे २०२४ ची होळी २४ मार्चपर्यंत लांबली, तर २०२३ मध्ये ती ६ मार्चलाच होती. पळस दोन्ही वर्षी सारख्याच दिवसांत फुलला तरी एका वर्षी तो होळीला भर बहरात दिसेल आणि दुसऱ्या वर्षी झडलेला. हवामान बदलत नाही असे मी म्हणत नाही. डिसेंबरचे ढगाळ दिवस आणि फेब्रुवारीतली गारपीट मीही पाहतो, पण एका झाडाच्या एका वर्षावरून निकाल देऊ नये. आजींची आठवण विश्वसनीय वाटते ती पळसामुळे नाही, चाकोल्यांमुळे. पळस दीड महिना फुलतो, चाकोल्यांना मोजके दिवस असतात.

फुलांचा क्रम मात्र निवडणुकीच्या पत्रिकेसारखा लावता येतो. थंडी सरता सरता निष्पर्ण सोनसावरीला पिवळीधमक फुले येतात, काटेसावर आणि पळस त्याच सुमारास पेटतात, नाल्याच्या काठाने धायटी लाल होते. होळीनंतर पहाटे मोह टपकू लागतो आणि माणसे टोपल्या घेऊन अंधारात जंगलात शिरतात. एप्रिलच्या उत्तरार्धात बहाव्याचे झुंबर लोंबू लागते आणि तेंदूपत्त्याचा हंगाम उभा राहतो. जमिनीवरच्या फुलांकडे कोणी पाहत नाही. धान कापलेल्या ओलसर बांध्यांत गोरखमुंडीचे जांभळे गोंडे आत्ता असतील, कोरड्या माळावर विष्णुकांतेचे निळे ठिपके असतील आणि रस्त्याकडेला भुईरिंगणी. झाडीपट्टीकरांनी उद्या बांधावर गेल्यावर खाली वाकून पाहावे.

पऱ्हाटी यांनी काढलेले होळीआधीचे दहा दिवस कापसाच्या मुलखाला शोभतील. होळीनंतरचा महिना आमच्याकडे मोहाचा आणि पुढचा तेंदूचा. या दोन हंगामांत चार पैसे मिळतात, बाकी वर्ष त्यावर ढकलायचे असते. तरीही एक गोष्ट नोंदवतो. १९ एप्रिल २०२४ ला, त्याच उन्हात आणि त्याच दिवशी, गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले आणि नागपुरात सुमारे ५४ टक्के. आमच्याकडच्या संवेदनशील भागात तर मतदान दुपारी ३ वाजताच बंद होते. तेव्हा मतदान कमी होण्याचे सगळे खापर उन्हावर फोडू नये. कूलरच्या गारव्यातून उठायला जास्त कष्ट पडत असावेत.

कोणी 'पळसाला पाने तीनच' म्हणून सगळे पक्ष सारखेच असल्याचे सांगायला येण्याआधी एक आठवण करून देतो: फुलोऱ्यात असताना पळसावर एकही पान नसते.

निवृत्त केंद्राध्यक्ष, भंडारा जिल्हा

कायद्याचा उरलेला भाग लिहितो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १४ प्रमाणे, लोकसभा मुदत पूर्ण करत असेल तर निवडणुकीची अधिसूचना मुदत संपण्याच्या सहा महिन्यांहून आधी काढता येत नाही. एवढेच बंधन. सतराव्या लोकसभेची पहिली बैठक १७ जून २०१९ ला झाली आणि मुदत १६ जून २०२४ ला संपणार होती, म्हणजे अधिसूचना डिसेंबर २०२३ च्या मध्यानंतर केव्हाही निघू शकत होती. कायद्याने फेब्रुवारी मोकळा होता. प्रत्यक्षात १६ मार्चला कार्यक्रम जाहीर झाला, सात टप्पे पडले आणि मतदान १ जूनपर्यंत लांबले. विदर्भातल्या दहाही जागांचे मतदान १९ आणि २६ एप्रिलला उरकले होते. आमची मते त्यानंतर महिनाभराहून अधिक काळ पेट्यांत बंद राहिली आणि निकाल ४ जूनला लागला, म्हणजे मृगाच्या तोंडावर. शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात निवडणूक कामावरच्या किमान ३३ जणांचा उष्णतेने मृत्यू झाल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. निकालाच्या आदल्या दिवशी तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनीही जाहीरपणे मान्य केले की ही निवडणूक महिनाभर आधी पूर्ण व्हायला हवी होती.

अडचणी आहेत. केंद्रे शाळांत असतात आणि केंद्राध्यक्ष बहुधा शिक्षक, आणि आपल्या मंडळाच्या बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच असतात. २०२५ मध्ये तर त्या ११ आणि २१ फेब्रुवारीपासून सुरू झाल्या. बर्फाचे कारण मला तितके पटत नाही, कारण उत्तराखंडची विधानसभा १४ फेब्रुवारी २०२२ ला मतदान करून मोकळी झाली. ज्या मोजक्या खोऱ्यांत खरोखर वाट बंद होते, तिथे १९५१ सारखी वेगळी तारीख देता येईल.

एक बारकावा राहिला. नुसते मतदान लवकर घेऊन चक्र बदलणार नाही. नवी लोकसभा लवकर बसली, म्हणजे जुनी तेवढी आधी विसर्जित केली, तरच मुदतीचे टोक मागे सरकते. आणि एकत्र निवडणुकांचे जे विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडले गेले, ते मंजूर झाले तर आपली विधानसभाही लोकसभेच्या तारखेला जोडली जाईल. गेली वीस वर्षे महाराष्ट्र विधानसभेचे मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. धान कापणीच्या आणि वेचणीच्या घाईत, पण निदान गारव्यात. या चर्चेत खर्चाचा हिशोब पुष्कळ होतो. ऋतूचा हिशोब कोणी मांडलेला मला तरी दिसला नाही.

झाडीपट्टीकर, नागभीड तालुका

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. केंद्राध्यक्षांच्या सांगण्यावरून आजीला विचारले की शेकोटीच्या वेळी शिक्का कशावर मारला होता. तिने उत्तर न देता उजवा पंजा वर केला. साल १९८० की १९८४ यावर तिने बराच विचार केला आणि धाकटी आत्या तेव्हा कडेवर होती, असे सांगितले. आत्याचा जन्म १९७८ चा आहे, म्हणजे १९८० च ठरले.

मोहवन यांच्या सांगण्यावरून बांधीत वाकून पाहिले. गोरखमुंडी होती, बरीच होती, आणि मी तिच्यावरून रोज चालत होतो.

आत्ताच्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ ची आहे, तेव्हा केंद्राध्यक्षांच्या हिशोबाने पुढची अधिसूचना डिसेंबर २०२८ च्या अखेरीपासून निघू शकते. हे आजीला समजावून सांगितले. तिने एवढेच विचारले की त्या वर्षी होळी कधी आहे. २०२९ ची होळी फेब्रुवारीच्या अगदी अखेरीस, असे सांगितल्यावर म्हणाली, "मग चाकोल्या माघातच थापाव्या लागतील."